हेडमास्तर चिक्कोडीला गेलेत

शाळेच्या ऑफिसात सगळ्यात जास्त वेळा कुठलं वाक्य बोललं जातं, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगेन: ‘हेडमास्तर चिक्कोडीला गेलेत.’ आम्ही कर्नाटकातले, बेळगावकडचे; आमचा शैक्षणिक जिल्हा चिक्कोडी, डीडीपीआय म्हणजे शिक्षण उपसंचालकांचं ऑफिस तिथं. बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी, निपाणीत. कधी दहावीच्या निकालाची आढावा बैठक, कधी प्रशिक्षण, कधी बँक, कधी संस्थेचं बोलावणं, कधी कुणाच्या पेन्शनच्या कागदावर सही राहिलेली. यात हेडमास्तरांचा काही दोष नाही, कामंच तशी आहेत. पण पूर, आग आणि साप बैठकीची तारीख विचारून येत नाहीत.

मी शिक्षिका नाही, ऑफिसात आहे. एसडीए, म्हणजे द्वितीय दर्जाची कारकून म्हणून लागले, आता एफडीए, प्रथम दर्जाची. निपाणीहून जाऊन-येऊन करते. दूधगंगेच्या काठच्या गावात आमचं मराठी माध्यमाचं अनुदानित हायस्कूल आहे, आठवी ते दहावी. गावाचं आणि शाळेचं नाव लिहीत नाही, कारण संस्थेला माझी आणि मला संस्थेची अजून गरज आहे. तर ऑफिसातून शाळा जशी दिसते तशी ती वर्गातून दिसत नाही. किल्ल्या आमच्याकडे, फोन आमच्याकडे, फायली आमच्याकडे, आणि ‘सर कुठं आहेत?’ हा प्रश्नही आमच्याकडेच येतो.

‘शाळा सुरक्षा आराखडा’ नावाची फाईल प्रत्येक हायस्कूलच्या कपाटात असते. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, २०१६ ची राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची शाळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यावरची परिपत्रकं आहेत. परिपत्रक कन्नडमध्ये येतं, आमच्यातला कुणीतरी वाचून दाखवतो, समिती नेमली जाते, समितीत तीच नावं, फाईलला टॅग बांधला की काम संपलं. एखादी शाळा खरोखर तयार आहे का हे बघायचं असेल, तर हेडमास्तर चिक्कोडीला गेलेले असतील त्या दिवशी जाऊन बघावं, असं माझं मत आहे.

आमच्याकडचं पाणी कसं येतं ते बाहेरच्यांना लवकर कळत नाही. निपाणीत ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते. वेदगंगेवर वर पाटगावचं धरण, दूधगंगेवर काळम्मावाडीचं. भुदरगड, राधानगरीच्या डोंगरात पाऊस लागला की ते पाणी खाली आमच्या अंगणात येतं. पुढं कृष्णा फुगलेली असली की दूधगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. मग भोजवाडी-कुन्नूर, जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड असे खालच्या पातळीवरचे पूल-बंधारे एकामागून एक पाण्याखाली जातात, आणि सकाळच्या पेपरात त्यांची यादी येते. हे जवळपास दरसालचं. २००५, २०१९, २०२१ ही सालं मोठी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला होता.

सुट्टीचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांकडून येतो, बहुतेक रात्री, व्हॉट्सअॅपवर. ती सोय चांगली आहे, पोरं घरीच राहतात. अडचण होते ती आदेश नसलेल्या दिवशी. सकाळी पोरं बंधाऱ्यावरून कोरड्या पायानं येतात आणि दुपारी बंधाऱ्याला पाणी लागतं. त्या तासा-दोन तासांत कुणीतरी बोलावं लागतं: ‘घंटा दे.’

आमच्याकडं एका जुलैत असंच झालं. जेवणाच्या सुट्टीत वैरणीची मोटारसायकल घेऊन आलेल्या एका शेतकऱ्यानं गेटातूनच ओरडून सांगितलं, “पाणी लागलं बगा बंधाऱ्याला, पोरास्नी सोडा.” पलीकडच्या वस्त्यांवरून येणारी पोरं आमच्याकडं पुष्कळ. तेव्हाचे हेडमास्तर अर्थातच चिक्कोडीला. प्रभारी सर म्हणाले, “सरांना विचारून घेतो.” फोन लागेना, बैठकीत मोबाईल बंद. पाचवा तास झाला, सहावा झाला. प्रभारी सर व्हरांड्यात येरझाऱ्या घालताहेत, पी.टी.चे सर दोनदा नदीवर जाऊन आले, दर वेळी चेहरा जास्त उतरलेला. शेवटी फोन आला तर निरोप असा, की आधी बीईओ ऑफिसला कळवा, मग सोडा. कळवून, सोडून, पोरं नदीवर पोचेपर्यंत बंधाऱ्यावरून गुडघाभर पाणी वाहत होतं. पी.टी.च्या सरांनी हात आडवे करून सगळ्यांना मागं फिरवलं. गुडघाभर वाहतं पाणी मोठ्या माणसालाही पाडतं, तिथं पोरांचं काय. त्या रात्री पोरं गावातच राहिली, कुणी वर्गमैत्रिणीकडं, कुणी देवळाच्या हॉलमध्ये. आचारी अक्कांनी दासोहाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, भांड्यांत आमटी-भात केला. पलीकडच्या काठावर आईबापांच्या बॅटऱ्या हलत होत्या आणि इकडून पोरं नावं घेऊन ओरडत होती.

कुणाला काही झालं नाही, म्हणून विषय मिटला. दुसऱ्या दिवशी चर्चेत प्रभारी सर एवढंच म्हणाले, “मला अधिकार नव्हता.” लोक चिडले त्यांच्यावर. पण ते खरंच बोलले होते. प्रभारी म्हणजे काय, तर मस्टरवर सही आणि टपाल घेणं. शाळा सोडायचा अधिकार तोंडी कुणीच कुणाला दिलेला नव्हता, लेखी तर लांबच. माणूस भित्रा असतो असं नाही, त्याला उद्याची नोटीस दिसत असते.

पुढं आम्हाला मॅडम मिळाल्या हेडमास्तर म्हणून. विज्ञानाच्या. बोलायला तोडक्या, हसणं कमी. आल्या-आल्या मला वाटलं होतं, आता फाईलीच फाईली. त्यांनी पहिल्याच पावसाळ्याआधी मला एक कागद टाईप करायला दिला, एका पानाचा. वर मथळा, ‘मी शाळेत नसताना.’ खाली लिहिलं होतं, की बंधाऱ्याच्या खांबावरच्या पांढऱ्या पट्ट्याला पाणी लागलं की पलीकडची मुलं ताबडतोब सोडायची, मला फोन सोडल्यानंतर करायचा. लाल पट्ट्याला लागलं की कुणालाही पलीकडं पाठवायचं नाही, मुलं गावात ठेवायची, घरांची यादी मागच्या पानावर. निर्णय ज्येष्ठ शिक्षकांचा, ते नसतील तर पी.टी.च्या सरांचा, तेही नसतील तर ऑफिसचा. शेवटची ओळ: ‘या निर्णयाबद्दल जाब विचारला गेल्यास तो मला विचारावा.’ खाली सही आणि शाळेचा गोल शिक्का.

मी कारकुनी स्वभावाप्रमाणं विचारलं, “मॅडम, हे नियमात बसतं का?”

“बसवू की ताई. तुम्ही जावक नंबर घाला आणि एक प्रत बीईओ ऑफिसला माहितीसाठी पाठवा. कुणी नको म्हणलं तर लेखी म्हणू दे.”

लेखी नको कुणीच म्हटलं नाही. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी मात्र फोनवर बरंच ऐकवलं: पोरं सोडली आणि वाटेत काही झालं तर? प्रश्न वाजवी होता, म्हणून कागदात एक वाक्य वाढलं, की दोन शिक्षक बंधाऱ्यापर्यंत जातील आणि शेवटचं पोर पलीकडं गेल्यावरच परततील. पट्टे पी.टी.च्या सरांनी उन्हाळ्यात नदी आटलेली असताना रंगवले, पंचायतीच्या एका सदस्याला बरोबर घेऊन. पांढरा पट्टा मुद्दाम खूप खाली आहे. एकदा दोनदा पाणी पांढऱ्याला लागून परत उतरलं, शाळा उगीच सोडली असं लोक म्हणाले. मॅडम म्हणाल्या, “उगीच सुटू दे.” वर मुरगूडला आणि गारगोटीला कुणाचे ना कुणाचे पाहुणे असतातच, तिथल्या दोघांचे नंबर त्याच कागदावर आहेत, सकाळी एक फोन केला की दुपारचा अंदाज येतो.

तो कागद ऑफिसच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. आणि दुसरी प्रत स्वयंपाकघरात, कारण मॅडमचं म्हणणं, सगळ्यांआधी बाहेरची बातमी अक्कांना कळते.

मॉक ड्रिलचं सांगते. एरवी आमच्याकडं ड्रिल म्हणजे आदल्या दिवशी सूचना, पोरं रांगेत, फोटो, अपलोड. मॅडमनी एकदा सकाळी मला सांगितलं, मी बँकेत चालले. पी.टी.च्या सरांना हळूच सांगून गेल्या, की तिसऱ्या तासाला मध्येच लांब घंटा द्या. घंटा झाली. ज्येष्ठ सर मॅडमना शोधायला त्यांच्या केबिनकडं पळाले! आठवीची पोरं दप्तरं भरत बसली. नववीचा वर्ग मैदानात आला, पण किती यायला हवे होते हे कुणालाच ठाऊक नाही, कारण हजेरीपत्रक वर्गातच राहिलं होतं. मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप, किल्ली शिपाईमामांच्या कमरेला, आणि मामा पोस्टात. मॅडम बँकेतून येऊन झाडाखाली उभ्या राहिल्या, सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. मला म्हणाल्या, “लिहून काढा सगळं, जसं झालं तसं.”

किल्लीचा प्रश्न सोपा होता. शाळा भरलेली असताना जिन्याच्या दाराला कुलूप घालायचंच नाही, आणि प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली ऑफिसात खिळ्यावर, नाव लिहून. हजेरीचा प्रश्न अवघड होता. पहिल्या तासाची हजेरी असते, ऑनलाईन भरतातही, पण लाईट नसली की नेट नाही, आणि पावसाळ्यात लाईट असते कधी? तो प्रश्न सोडवला आचारी अक्कांनी. त्यांना रोज सकाळी वर्गवार आकडा हवाच असतो, त्याशिवाय तांदूळ किती घालायचा? आठवीची मॉनिटर चिठ्ठी घेऊन येते, नववीचा येतो, दहावीचा येतो. अक्षर दासोहाच्या त्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षं चुलीपाशी येत होत्या आणि संध्याकाळी केरात जात होत्या. आता चिठ्ठी कार्बन घालून दोन प्रतीत होते, एक स्वयंपाकघरात, एक माझ्या टेबलावरच्या क्लिपला. मधल्या सुट्टीत कुणी घरी गेलं तर तिथंच खूण. शाळेत या क्षणी किती पोरं आहेत, हे मी आता टेबलावरून न उठता सांगू शकते. खर्च शून्य.

आगीचा धडा देशाला तमिळनाडूतल्या कुंभकोणमनं शिकवला. १६ जुलै २००४, शाळेच्या स्वयंपाकघराची ठिणगी, वर गवताचं छप्पर, ९४ मुलं गेली. त्यावरून सर्वोच्च न्यायालयात खटला झाला आणि २००९ साली निकाल आला, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. त्यानंतर अग्निशामक सिलिंडर सगळीकडं आले. आमच्याकडं ते मान्यतेच्या नूतनीकरणाच्या वेळी आले, आणि चोरीला जाऊ नयेत म्हणून ग्रीलच्या आत कुलपात ठेवले गेले. प्रयोगशाळेतल्या वाळूच्या लाल बादलीत कुणीतरी तुळस लावली होती, छान वाढली होती. मॅडमनी तुळस कुंडीत हलवली, सिलिंडर बाहेर काढले आणि शिपाईमामांना व दोन्ही अक्कांना त्याची पिन कशी ओढायची ते करून दाखवलं. शिक्षकांना नंतर. गॅसपाशी दिवसभर कोण असतं, हे बघून.

दुसरी गोष्ट प्रभातफेरीची. गुजरातचा भूकंप २६ जानेवारी २००१ ला सकाळी झाला. अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाची मुलांची फेरी अरुंद गल्लीतून जात असताना दोन्ही बाजूंची घरं कोसळली. मॅडमनी स्टाफरूममध्ये ते सांगितलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. आमची फेरी पिढ्यान् पिढ्या जुन्या गल्लीतून जायची, मातीच्या दुमजली भिंतींमधून, कारण तिथले प्रतिष्ठित लोक दारात उभे राहून गोळ्या-बिस्किटं वाटतात. आता फेरी पंचायतीच्या रुंद रस्त्यानं जाते. नाराजी झाली, ती अजून आहे. गोळ्यावाले आता चौकात येऊन थांबतात.

प्रयोगशाळेतली आम्लं हा मात्र मला आवडलेला पेच आहे, म्हणून जरा सविस्तर. बाटल्या नेहमी सगळ्यात खालच्या खणात ठेवायच्या असतात, म्हणजे हादऱ्यानं किंवा धक्क्यानं वरून कुणाच्या अंगावर पडणार नाहीत. पण पुराचं पाणी आधी खालच्याच खणात शिरणार, आणि सल्फ्युरिक आम्ल पाण्याशी कसं वागतं ते दहावीचं पोरही सांगेल. वर ठेवावं की खाली? विज्ञानाच्या सरांचं आणि मॅडमचं यावर चांगलं वाजलं. तोडगा निघाला तो असा: पावसाळाभर शाळेला लागेल तेवढीच एक लहान बाटली खाली, बाकीचा साठा मेच्या शेवटी शाळा उघडली की वरच्या मजल्यावरच्या खोलीत, वाळूच्या ट्रेमध्ये, जमिनीवर, कुलपात. म्हणजे वरही आणि खालीही. त्या खोलीची किल्ली खिळ्यावर ठेवत नाही, ती माझ्या ड्रॉवरमध्ये असते. पुरात शाळा निवाऱ्याला दिली तरी ती खोली द्यायची नाही, हेही कागदात आहे. कारण निवारा म्हणजे बायका, म्हातारी, लहान लेकरं, आणि लेकरं कुठल्याही दाराला हात लावतात.

पूर ओसरला की साप. बाकांच्या ढिगात, लाकडांच्या खाली, मुतारीमागं. नाग, घोणस, मण्यार, फुरसं, चौघांवर चालणारी लस एकच, आणि ती दवाखान्यात मिळते, देवळात नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात केरळातल्या सुलतान बत्तेरीत एका विद्यार्थिनीला वर्गातच साप चावला आणि ती गेली. शिक्षकांनी तिला लगेच हलवलं नाही, वडील येईपर्यंत थांबले, अशी वर्गातल्या मुलांची तक्रार होती. ही बातमी वाचून मॅडमनी कागदात लिहिलं, ‘गाडी आधी, पालकांना फोन वाटेत.’ १०८ ला फोन करायचाच, पण ती यायला वेळ लागेल असं दिसलं तर थांबायचं नाही. गावातल्या दोन जीपवाल्यांचे नंबर आहेत. भाडं कोण देणार यावर त्या वेळी बोलायचं नाही, ऑफिसच्या पेटी कॅशमधून द्यायचं, पावती नंतर. हे वाक्य खास माझ्यासाठी होतं हे मला कळलं.

माझ्या स्वतःच्या खात्याची एक गोष्ट. २०१९ नंतर कितीतरी घरांतले कागद चिखलात गेले होते. दहावीची मार्कलिस्टं, दाखले, रेशनकार्डं. लोक शाळेत यायचे, कारण जन्मतारीख आणि जातीची नोंद शेवटी आमच्या प्रवेश नोंदवहीत असते, आजोबापासून नातवापर्यंत. गावाचा तो एकमेव पुरावा तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात होता. आता जुन्या वह्या वरच्या मजल्यावर आहेत आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवला आहे. फोटो काढायला दहावीच्या पोरी सुट्टीत आल्या होत्या. आपल्या पणज्याचं नाव मोडी वळणाच्या अक्षरात सापडलं की किंचाळायच्या. काम लांबलं त्यामुळं, पण मजा आली.

मॅडम निवृत्त झाल्या. त्यांच्या जागेवर अजून कायम माणूस नाही, प्रभारी आहेत, तेच ज्येष्ठ सर. अनुदानित शाळांत हल्ली हे इतकं सवयीचं झालंय की प्रभारी हीच पोस्ट वाटते. सरांना मी भीतभीतच विचारलं, कपाटावरचा कागद मॅडमच्या सहीचा आहे, तो आता चालतो का. त्यांनी चष्मा काढून कागद नीट वाचला. मॅडमच्या नावावर रेघ मारून आपलं नाव लिहिलं, सही केली, शिक्का मागितला. मग ‘जाब मला विचारावा’च्या खाली पेननं अजून एक ओळ घातली: ‘बीईओ कार्यालयास कळवणे, मुले सोडल्यानंतर.’

एक काम तेवढं राहिलंय. मैदानाकडचं मोठं दार आत उघडतं. गर्दी लोटली तर ते उघडणारच नाही, हे त्या ड्रिलच्या दिवशी सगळ्यांनी बघितलं. निपाणीच्या वेल्डरचं अंदाजपत्रक संस्थेकडं जाऊन पडलंय. परवा मी पुन्हा आठवण केली, तर पलीकडून उत्तर आलं, “बघू की, यंदा गणपतीनंतर.” गणपती म्हणजे पावसाळा निम्मा संपल्यावर. सर म्हणाले, स्टाफची वर्गणी काढू. शिपाईमामांनी सगळ्यांआधी पाचशे काढून टेबलावर ठेवले आणि विचारलं, “वेल्डरला उद्या बोलवू काय?”